देव्हाऱ्यातले देव मोडीत घालण्याआधी…

असोदा (जि. जळगाव) : जळगाव शहराला लागून असलेले असोदा म्हटले की भरिताची वांगी आठवतात, आणि बहिणाबाई चौधरी. 1880 साली याच गावात महाजनांच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्यांच्या काळी खान्देशातल्या शेतकऱ्याच्या घरात सोने कमी असले तरी देव्हारा रिकामा नसे. रांगता बाळकृष्ण, हातात पळी घेतलेली अन्नपूर्णा, गणपती, महादेवाची पिंड, नंदी आणि मुठीवर गरुड असलेली घंटा, असा सगळा पितळी परिवार तिथे नांदत असे. त्यातली अन्नपूर्णा बहुधा घरच्या सुनेबरोबर आलेली. लग्नात गौरीहरापुढे बसून नवरी तिला पूजते आणि सासरी नेते. म्हणून जुन्या घरातल्या दोन-तीन अन्नपूर्णा म्हणजे त्या घरात आलेल्या दोन-तीन पिढ्यांच्या सुनांची नोंदच समजायची.

आज घरे नवी होतात, भावाभावांत वाटण्या होतात. देव्हाऱ्यात नवीन चकचकीत मूर्ती येते आणि झिजलेला देव भांड्यांच्या मोडीबरोबर तराजूत जातो. त्याला भाव मिळतो फक्त पितळेचा.

मूर्ती घडते कशी?

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिलाफ. तांबे वितळायला सुमारे 1085 अंश उष्णता लागते. जस्त मात्र 907 अंशालाच उकळून उडून जाते. म्हणून तांबे आधी वितळवायचे आणि जस्त शेवटी घालायचे, ही ओतकामातली खरी कसब. जुन्या पद्धतीत मूर्ती आधी मेणाची करीत. तिच्यावर मातीचे लेप देऊन ती भाजली की मेण वाहून जाई आणि त्या पोकळीत धातू ओतीत. मूर्ती काढण्यासाठी साचा फोडावाच लागे. त्यामुळे एका साच्यातून एकच देव निघे आणि त्याच्यासारखा दुसरा कुठे सापडत नसे. आज बाजारात येणाऱ्या बऱ्याच मूर्ती कायम साच्यावरून एकसारख्या शेकड्याने निघतात.

नाक-डोळे झिजून गुळगुळीत झालेली मूर्ती टाकाऊ नसते. ती झीज रोजच्या हातांची आहे. अशा मूर्तीला चिंच, लिंबू किंवा पावडर लावून खसाखसा घासू नये. आंबटाने वरचे जस्त निघते, पितळ लालसर पडते आणि उरलेसुरले कोरीवकामही जाते. मऊ कोरड्या फडक्याने पुसले तरी पुरे.

नांगराला मूर्ती लागली तर?

प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे 1974 साली झाडाचे मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा धातूच्या चार वस्तू सापडल्या. त्यांचे वजन 60 किलोहून जास्त होते. त्या मोडीत गेल्या असत्या तर महाराष्ट्राच्या इतिहासातले एक पानच गेले असते. तामिळनाडूतील पाथूरला 1976 साली जमिनीत नटराज सापडला. तो गुपचूप विकला गेला आणि हातोहात लंडनला पोचला. तिथल्या कोर्टात खटला चालला, देवळाचा हक्क मान्य झाला आणि 1991 साली नटराज परत आला. सापडणाऱ्याच्या हाती पडले ते किरकोळ पैसे. पुढची किंमत मधल्यांनी खाल्ली.

यासाठी 1878 चा निखात निधी कायदा माहीत हवा. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. धन्याचा पत्ता न लागल्यास, वेगळा करार नसेल तर तीन हिस्से सापडणाऱ्याला व एक हिस्सा जमीनमालकाला, अशी वाटणी कायद्यात आहे. सरकारने वस्तू ठेवून घेतली तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग मिळतो. लपवली तर हिस्साही जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. थोडक्यात, कळवण्यात तोटा नाही, लपवण्यात आहे.

गावाने काय करावे?

शंभर वर्षांहून जुनी धातूची मूर्ती 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते. तिची पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते आणि ती परदेशी नेता येत नाही. नोंद केल्याने मूर्ती जप्त होत नाही, देव घरातच राहतो. उलट चोरी झाली तर तोच कागद कामी येतो.

गावच्या देवळातल्या मूर्तींचे पुढून, मागून आणि बैठकीचे फोटो काढावेत. उंची, वजन व खुणा वहीत लिहाव्यात. एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक पोलीस पाटलांकडे ठेवावी. ग्रामसेवक, तलाठी आणि देवस्थानचे पंच एकत्र बसले तर हे एका दिवसाचे काम आहे. मूर्ती गेल्यावर ती कशी होती हे सांगता आले नाही, तर पोलिसांनी तरी शोधायचे काय?

आणि घरच्या देवांचे म्हणाल, तर मोडीवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या म्हातारीला एकदा विचारा, ही अन्नपूर्णा कोणाबरोबर आली होती. उत्तर मिळाले तर ते कागदावर लिहून देव्हाऱ्यात ठेवा.