शोफ्तीमचा आठवडा

ऑगस्ट सरत आला की ज्यू पंचांगात एलूल महिना लागतो. आपल्याकडे त्या सुमारास श्रावण संपत आलेला असतो किंवा गणपतीची गडबड चाललेली असते. सिनेगॉगात ते दिवस हिशेबाचे, वर्षभर आपण कसं वागलो याच्या हिशेबाचे. महिन्याच्या सुरुवातीच्या एका शनिवारी तोराची गुंडाळी जिथे उघडते त्या भागाचं नाव शोफ्तीम, म्हणजे न्यायाधीश. तोराचे असे ५४ भाग आहेत. एकेका भागाला परशा म्हणतात आणि वर्षाला त्यांची एक फेरी पूर्ण होते. आपल्या पारायणासारखंच हे वाचन, पण पारायणात पोथी थांबवून कुणी वाद घालत नाही. इथे मात्र वाद हा अभ्यासाचाच भाग. दोघं समोरासमोर बसतात, एकाने अर्थ सांगायचा आणि दुसऱ्याने तो तपासून घ्यायचा.

हाच परशा त्याच शनिवारी आणखी काही लोक वाचतात. ते येशूला येशुआ म्हणतात, त्याला इस्राएलचा मशीहा मानतात आणि तरीही शब्बाथ, सुंता, वल्हांडण सोडायला तयार नाहीत. हे मेसियानिक ज्यू. बहुसंख्य ज्यू त्यांना आपल्यातले मानत नाहीत. इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८९ साली, परतीच्या कायद्याखाली तिथे स्थायिक होऊ पाहणाऱ्या अशा ज्यूंना दुसऱ्या धर्माचे ठरवलं. चर्चमध्येही पुष्कळांना प्रश्न पडतो, की येशू भेटल्यावर हे लोक मोशेपाशी का थांबलेत? या लोकांच्या तोरा-अभ्यासाबद्दल लिहायला मी हा एकच आठवडा निवडला, कारण त्यांचं बळ आणि त्यांची अडचण दोन्ही या एका परशात सापडतात.

आधी शब्दाचं बघू. ‘तोरा’ ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ नेम धरून सोडणे, दिशा दाखवणे. त्यावरून तोरा म्हणजे शिकवण. ग्रीक भाषांतर करणाऱ्या ज्यू पंडितांनी त्यासाठी ‘नोमोस’ हा कायद्याच्या जवळचा शब्द घेतला आणि मराठी बायबलात तो ‘नियमशास्त्र’ होऊन उतरला. नियम पाळला जातो, मोडला जातो, फार तर रद्द होतो. शिकवणीला ही क्रियापदं लागू पडत नाहीत. पौलाची पत्रं वाचताना समोर ‘नियमशास्त्र’ असलं की वाटतं, येशू आला आणि एक जोखड उतरलं. तिथे ‘शिकवण’ ठेवून वाचलं की वाक्य अडखळतं, आणि ते अडखळणं फार उपयोगाचं आहे. मेसियानिक अभ्यासाची सुरुवात त्या अडखळण्यात आहे. आपण शास्त्र मोडायला आलो नाही, हे येशूने मत्तयाच्या पाचव्या अध्यायात बजावलेलं त्यांना अक्षरशः घ्यायचं असतं.

तोराच्या पाचव्या ग्रंथाला मात्र मराठीत ज्याने ‘अनुवाद’ हे नाव दिलं, त्याला मनापासून दाद द्यावी. संस्कृतातला अनुवादाचा जुना अर्थ भाषांतर असा नाही, आधी सांगितलेलं पुन्हा सांगणं असा आहे. यार्देनच्या अलीकडे, मवाबाच्या मैदानात उभा राहून मोशे नेमकं तेच करतो.

या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात, शोफ्तीमच्या मधोमध, मोशे लोकांना सांगतो की देव तुमच्याच भाऊबंदांतून माझ्यासारखा एक संदेष्टा उभा करील आणि त्याचं तुम्ही ऐकायचं. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र हे वचन येशूबद्दल म्हणून सांगतो, पुढे स्तेफनही त्याचीच आठवण देतो. अकराव्या शतकातला फ्रान्समधला महान भाष्यकार रशी याचा अर्थ वेगळा लावतो. त्याच्या मते हा एकच माणूस नव्हे, एकामागून एक येणाऱ्या संदेष्ट्यांची परंपरा आहे. संदर्भ रशीच्या बाजूने आहे, हे मान्य केलं पाहिजे. वचनाच्या अगदी आधी शकुन पाहणारे आणि मृतांना विचारणारे यांना मनाई केलेली आहे. मग लोकांनी विचारायचं कुणाला, याचं ते उत्तर आहे. पुढे खोटा संदेष्टा ओळखायची खूणही दिली आहे, आणि खूण द्यायची तर संदेष्टे अनेक असले पाहिजेत.

म्हणून पेत्राने ओढूनताणून अर्थ काढला असं म्हणावं, तर मृत समुद्राकाठच्या कुमरानमधलं एक पान आडवं येतं. १९५२ साली चौथ्या गुहेत सापडलेलं हे पान येशूच्या सुमारे शंभर वर्षं आधीचं. कुणा ज्यू लेखनिकाने त्यावर तोरातली वचनं एकापुढे एक उतरवली आहेत. मोशेसारख्या संदेष्ट्याचं वचन, मग याकोबातून उगवणाऱ्या ताऱ्याचं, मग लेवीच्या वंशाला मोशेने दिलेला आशीर्वाद. म्हणजे या वचनांकडे येणाऱ्या कुणाची तरी चाहूल म्हणून पाहणं ख्रिस्ती लोकांनी सुरू केलं नाही. ते ज्यू घरातच चाललं होतं. ताऱ्याच्या वचनात तर ओंकेलोसच्या अरामी भाषांतरानेही मशीहाचं नाव घातलं आहे, आणि बाराव्या शतकात रंबम या थोर ज्यू पंडिताने त्याच वचनाचा अर्धा भाग दावीदाला आणि अर्धा मशीहाला लावला.

याच ग्रंथाच्या अखेरीला, तोराच्या शेवटच्या ओळींत, मोशेसारखा संदेष्टा इस्राएलात पुन्हा उभा राहिला नाही असं लिहिलं आहे. मेसियानिक वाचक म्हणतो, बघा, जागा अजून रिकामी ठेवली आहे. रंबमच्या तेरा तत्त्वांपैकी सातवं म्हणतं, मोशेच्या तोडीचा कुणी होणारच नाही. एकाच ओळीपाशी दोघं थांबतात आणि उलट दिशांना निघतात. दोघांपैकी कुणीही अक्षर बदललेलं नाही.

परशानंतर संदेष्ट्यांच्या ग्रंथातला एक उतारा वाचतात, त्याला हफ्तारा म्हणतात. शोफ्तीमचा हफ्तारा यशयातला, ५१व्या अध्यायाच्या बाराव्या वचनापासून ५२व्या अध्यायाच्या बाराव्यापर्यंत. तेराव्या वचनापासून दुःख सोसणाऱ्या सेवकाचं गीत सुरू होतं, तेच ५३व्या अध्यायात जातं, आणि ख्रिस्ती माणसाला त्यात सरळ वधस्तंभ दिसतो. वाचन त्याच्या उंबऱ्याशी थांबतं. पुढच्या शनिवारी ५४वा अध्याय लागतो. ५३वा वर्षभरात कधीच येत नाही.

तो मुद्दाम लपवला, असं मेसियानिक प्रचारात फार वेळा ऐकू येतं. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणदिनानंतर सात आठवडे सांत्वनाचे हफ्तारे वाचायचे असतात आणि शोफ्तीमचा त्यातला चौथा. ते क्रमानेही नाहीत. आदल्याच आठवड्यात ५४व्या अध्यायाचा उत्तरार्ध वाचून झालेला असतो. निवड सांत्वनाची आहे, आणि संदेष्ट्यांचे कितीतरी अध्याय हफ्ताऱ्यात येतच नाहीत. सेवक म्हणजे इस्राएल प्रजा, हा अर्थ रशीने ख्रिस्ती लोकांना अडवायला शोधला, हेही खरं नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनने आपल्या काळच्या ज्यू पंडितांकडून तोच अर्थ ऐकल्याचं लिहून ठेवलं आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी. योनाथानच्या तारगुमात, म्हणजे अरामी भाषांतरात, त्या सेवकाला मशीहा म्हटलं आहे, जरी त्याची दुःखं दुसऱ्यांवर घातली असली तरी. तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, सान्हेद्रीन प्रकरणात, मशीहाच्या नावांची चर्चा चालू असताना या अध्यायाचा आधार घेतला आहे. जो हा सगळा पसारा मांडतो त्याचा अभ्यास खरा. लपवाछपवीची गोष्ट सांगणाऱ्याने गुंडाळी नीट उघडलेली नसते.

ती नीट उघडलेल्यांपैकी एक होता योसेफ राबिनोविच. जन्म १८३७, बेसराबियातलं हसिदी घराणं. तरुणपणी मेहुण्याने त्याला हिब्रू नवा करार दिला. तो वर्षानुवर्षं घरात पडून होता. राबिनोविच वकिली करू लागला, किशिनेवमध्ये मान मिळवला, ज्यूंनी शिकावं आणि शेती करावी म्हणून लिहीत राहिला. १८८१च्या ज्यूविरोधी दंगलींनी ती आशा मोडली. १८८२ साली वसाहतीसाठी जमीन मिळते का पाहायला तो पॅलेस्टाइनला गेला, आणि जैतुनांच्या डोंगरावर बसला असताना त्याला वाटलं, आपण शोधतोय त्याची किल्ली या येशूच्या हाती आहे. किशिनेवला परतून १८८४-८५च्या सुमारास त्याने ‘नव्या कराराचे इस्राएली’ अशी मंडळी उभारली. शब्बाथ राहिला, सुंता राहिली, तोराची गुंडाळी राहिली, प्रवचनाला येशुआ आला. १८८५ साली बर्लिनमध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला, पण कुठल्याही पंथाचा सभासद झाला नाही.

तो चाकाचा दाखला देत असे. गाडीचं चाक निखळून मागे पडलं आहे आणि गाडीवान पुढे धावत येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो आहे, चाक पाहिलंत का? ज्यू समाज मशीहाला पुढे शोधतो आहे आणि तो वाटेत मागे राहिला, असं त्याला म्हणायचं होतं. मेहुणा येहिएल लिश्तेनस्टाइनने पुढे लायप्झिगमध्ये नव्या करारावर हिब्रूतून भाष्य लिहिलं, रब्बी ज्या पद्धतीने लिहितात तसं. लायप्झिगचेच फ्रान्झ डेलिट्श हे ख्रिस्ती प्राध्यापक. त्यांचा हिब्रू नवा करार १८७७चा, आणि त्यातली भाषा ज्यू वाचकाला परकी वाटू नये यासाठी ते मरेपर्यंत तो घासत राहिले.

या मंडळींच्या हातून एक गोष्ट मोलाची झाली. येशू हा तोरा शिकवणारा म्हणून पुन्हा दिसू लागला. शोफ्तीमकडेच पाहा. एकाच साक्षीवर कुणाला दोषी धरायचं नाही, दोन किंवा तीन हवेत, हा १९व्या अध्यायातला नियम येशू मत्तयाच्या १८व्या अध्यायात भावाभावांमधली तक्रार मिटवायला वापरतो, आणि पौल करिंथच्या मंडळीला तोच ऐकवतो. साक्षीदारानेच पहिला दगड उचलायचा, हा १७व्या अध्यायातला नियम. योहानाच्या आठव्या अध्यायातला प्रसंग त्याच्याशिवाय अर्धाच कळतो. २०व्या अध्यायात नवं घर बांधलेला, नवा मळा लावलेला, वाग्दत्त वधू असलेला, अशांना लढाईतून सूट आहे. लूकाच्या १४व्या अध्यायातल्या मेजवानीचे पाहुणे शेत, बैल आणि बायको अशा सबबी सांगतात तेव्हा ऐकणाऱ्यांच्या कानात हीच यादी वाजली असणार. भाकितं जुळवण्यापेक्षा या ठिकाणी मेसियानिक वाचन मला कितीतरी अधिक समृद्ध वाटतं. पेचही इथलाच आहे. तोरा शिकवण आहे तर ती कुणाला बांधते? प्रेषितांच्या कृत्यांच्या १५व्या अध्यायात परराष्ट्रीयांवर मोजक्याच गोष्टी घातल्या आणि त्याच बैठकीत मोशे दर शब्बाथाला वाचला जातोच, असंही बोललं गेलं. त्या एका वाक्यावर आजही मंडळ्या फुटतात.

आपल्या भाषेशी या वाचनाचा धागा कोकणातून येतो. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले आणि १८३२ साली त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, बेने इस्राएलांसाठी, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी. त्यांचा हेतू स्पष्ट होता, तेल गाळणाऱ्या या समाजाने आपलं शास्त्र वाचावं आणि त्यात ख्रिस्त ओळखावा. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं, हिब्रू शिकले, आणि फार थोडे अपवाद सोडता ज्यूच राहिले. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाची हग्गादा हिब्रू आणि मराठीत शिळाछापावर निघाली. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. दुसऱ्या टोकाला केडगावात पंडिता रमाबाई. पुराणं सांगत गावोगाव फिरलेल्या घरातली ही बाई हिब्रू आणि ग्रीक शिकली, मुळावरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते काम १९२२ साली, मृत्यूच्या थोडं आधी पुरं केलं. १९२४ साली ते मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापून निघालं. एकाच हिब्रू अक्षरापाशी ही दोन घरं मराठीतून पोचली. एक आपल्या घरी परत गेलं, एक येशूकडे आलं.

ज्यू समाज या वाचनाकडे संशयाने का पाहतो, हे कळायला फार खोल जावं लागत नाही. पॅरिसमध्ये तालमूदावर खटला चालला आणि १२४२ साली त्याच्या गाड्याच्या गाड्या भरून पोथ्या जाळल्या. १२६३ साली बार्सिलोनात राजासमोर रंबान या रब्बीला (रंबम वेगळा) वादाला उभं केलं. समोर होता धर्म बदललेला ज्यू, पाब्लो क्रिस्तियानी, आणि तो रब्बींच्याच ग्रंथांतून येशू सिद्ध करत होता. तुमच्या तोरात आमचा मशीहा आहे, हे वाक्य शतकानुशतकं सत्तेच्या बाजूने बोललं गेलं. राबिनोविच १८९९ साली वारला. चार वर्षांनी त्याच्याच किशिनेवमध्ये ईस्टरच्या रविवारी दंगल उसळली आणि ४९ ज्यू मारले गेले.

शोफ्तीमचा शेवट एका प्रेताने होतो. शेतात कुणी मरून पडलेला आढळला आणि मारणारा ठाऊक नाही, तर वडीलधाऱ्यांनी यावं, प्रेतापासून भोवतालच्या गावांपर्यंतचं अंतर मोजावं. जे गाव सर्वांत जवळ त्याच्या वडिलांनी वाहत्या ओढ्यापाशी कालवडीवर हात धुवावेत आणि हे रक्त आमच्या हातांनी सांडलं नाही असं म्हणावं. मिश्ना, म्हणजे रब्बींची जुनी संहिता, विचारते, वडीलधारे खुनी असतील असं कुणाला वाटलं होतं का? मग तीच सांगते, त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा, की तो आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला खायला न घालता, सोबत न देता वाटेला लावला, असं झालं नाही. मत्तयाच्या २७व्या अध्यायात पिलात हात धुतो ते याच ओळींच्या सावलीत. त्या पाण्याचा दोष चर्चने एका अख्ख्या समाजाच्या माथी मारला. मेसियानिक वाचकाला हे दोन्ही उतारे शेजारी ठेवूनच वाचावे लागतात, अंतर मोजणाऱ्या वडिलांच्या रांगेत स्वतः उभं राहून. मग गुंडाळी मिटते. पुढच्या शनिवारच्या भागात थोडंच पुढे गेलं की झाडाला टांगलेल्या माणसाचं शासन येतं, जे पौलाने वधस्तंभाला लावलं: त्याचं प्रेत रात्रभर तसंच ठेवायचं नाही, त्याच दिवशी पुरायचं.