साडेचार गिरक्या, पाऊण सेकंदाच्या आत

१४ सप्टेंबर २०२२. न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिड गावी सतरा वर्षांच्या इलिया मालिनिनने बर्फावर वेग घेतला, डाव्या पायाच्या पात्यावर भार टाकून समोर झेप घेतली आणि उजव्या पायावर पाठमोरा उतरला. मधल्या क्षणभरात त्याचं अंग स्वतःभोवती साडेचार वेळा फिरलं होतं. ‘क्वाड्रुपल अ‍ॅक्सल’ ही उडी स्पर्धेत तोवर कुणालाही साधली नव्हती.

फिगर स्केटिंगच्या सहा मुख्य उड्यांपैकी पाच पाठमोऱ्या सुरू होतात. एकटी अ‍ॅक्सल समोर तोंड करून. उतरायचं मात्र सगळ्यांत पाठमोरंच, म्हणून अ‍ॅक्सलमध्ये अर्धी गिरकी वाढते. नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल पॉल्सनने १८८२ साली व्हिएन्नात दीड गिरकीची उडी दाखवली. अडीच गिरक्या १९४८ मध्ये डिक बटनने मारल्या, साडेतीन १९७८ मध्ये व्हर्न टेलरने. पुढच्या एका गिरकीला ४४ वर्षं लागली! त्याच २०२२ च्या फेब्रुवारीत बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युझुरू हान्यूने ती मारून पाहिली. गिरकी अपुरी राहिली आणि तो पडला.

अडचण वेळेची आहे. असा खेळाडू हवेत जेमतेम ०.७ सेकंद असतो. तेवढा वेळ हवेत राहायचं तर शरीर सुमारे ६० सेंटिमीटर वर जावं लागतं. उंची आणखी वाढवणं फार महाग पडतं, कारण हवेतला वेळ दुप्पट करायचा तर उंची चौपट हवी. मग उरतो एकच मार्ग: अधिक वेगाने फिरणं.

फिरत्या खुर्चीत हात पसरून गिरकी घ्या आणि मध्येच हात छातीशी ओढा. खुर्ची एकदम जोरात फिरते. शरीराचं वस्तुमान अक्षाजवळ आलं की फिरण्याला होणारा विरोध घटतो आणि कोनीय संवेग कायम राहत असल्याने वेग वाढतो. पण हा संवेग मिळवायचा तो पाय बर्फावर असतानाच. एकदा हवेत गेलं की त्यात भर घालता येत नाही. आहे तो फक्त नीट वापरायचा. मालिनिन हात छातीशी आवळतो, पाय एकमेकांत गुंफतो आणि भिंगरी होतो. साडेचार गिरक्यांना ०.७ सेकंद, म्हणजे मिनिटाला सरासरी ३८६ फेऱ्या! उतरण्याआधी हात उघडून तोच वेग आवरायचा, आणि वजनाच्या कैकपट धक्का एका पायावर झेलायचा.

व्हर्जिनियात वाढलेल्या या मुलाच्या घरातच बर्फ होता. आई तात्याना मालिनिना आणि वडील रोमान स्कोर्न्याकोव्ह दोघंही उझबेकिस्तानकडून ऑलिंपिक खेळलेले, आणि तेच त्याचे प्रशिक्षक. २०२२ च्या जानेवारीत तो अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत दुसरा आला, तरी बीजिंगच्या संघात त्याला घेतलं नाही. सतराव्या वर्षी हे पचवणं सोपं नसतं. एप्रिलमध्ये तो कनिष्ठ गटाचा विश्वविजेता झाला आणि सप्टेंबरमध्ये लेक प्लॅसिडला आला.

त्या उडीचं मूळ मोल १२.५ गुण. चार गिरक्यांच्या लुट्झ या पाठमोऱ्या उडीला ११.५ मिळतात. इतक्या जोखमीच्या अर्ध्या गिरकीला फक्त एक गुण, हे अन्यायाचंच वाटतं. मालिनिनने तरीही ती सोडली नाही. मार्च २०२४ मध्ये मॉन्ट्रियलच्या विश्व अजिंक्यपद स्पर्धेत त्याने फ्री स्केट या लांब फेरीची सुरुवातच या उडीने केली, चार गिरक्यांच्या आणखी पाच उड्या मारल्या आणि २२७.७९ गुणांचा तेव्हाचा विश्वविक्रम नोंदवून सुवर्णपदक घेतलं.