रंगाचे पातेले आणि लोकरीची पेटी

विणकामाची आवड असलेल्या घरात एक तरी पेटी अशी असते, की जिच्यातील लोकर विणायची राहून गेलेली असते. मनाजोगती छटा दिसली की चार गुंडे घ्यायचे. त्यांचे स्वेटर करायचे की शाल, हे मागाहून ठरते. तोच रंग त्याच छटेत पुन्हा मिळेल याची शाश्वती नसल्याने या साठ्यात थोडा व्यवहारही आहे. घरच्यांनी त्याला व्यसन म्हणू नये. पलंगावर झोपायला जागा उरत नसेल किंवा औषधाचे पैसे लोकरीत जात असतील, तरच तो माझ्या कक्षेतला विषय होतो.

अलीकडे काही जणी पांढऱ्या लडी आणून त्या घरीच रंगवतात. त्यांनी आधी लोकर खरी आहे का, ते पाहावे. बाजारात लोकर म्हणून मिळणारे बरेचसे सूत अ‍ॅक्रिलिकचे असते. धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळावा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख बोटांनी चुरडली जाते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. लोकर केसांसारखीच प्रथिनाची असल्याने व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यात तिच्यावर धनभार येतो व आम्लरंग तिला घट्ट धरून राहतात. पाणी खळखळू देऊ नये व लडी ढवळू नये, नाहीतर लोकर आटून तिचा नमदा होतो.

हे पातेले, चमचा आणि गाळणी पुन्हा स्वयंपाकात वापरू नयेत. ‘घासून घेतले आहे’ हे उत्तर मला मान्य नाही. कोरडी भुकटी मोजताना मुखपट्टी व हातमोजे वापरावेत आणि पंखा बंद ठेवावा. सुती धाग्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांच्या भुकटीने रंगकामगारांना दमा जडल्याचे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. पुडीत बांधून मिळणारा, नावपत्ता नसलेला रंग तर घेऊच नये. रंगाच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे लुडविग रेन या जर्मन शल्यविशारदाने १८९५ सालीच दाखवून दिले होते.

कांद्याची साले, मंजिष्ठा, डाळिंबाची साल यांचे रंग सुंदर येतात. हळदीचा मात्र उन्हात लवकर उडतो. रंग धरण्यासाठी लोकरीच्या वजनाच्या साधारण दहावा भाग तुरटी पुरते. जुन्या कृतींत मोरचूद किंवा पोटॅशियम डायक्रोमेट सांगितलेले आढळते; ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबून ते घरात आणू नये. डायक्रोमेट कर्करोगकारक आहे.

माझी खरी काळजी मात्र पेटीची आहे. कसर लागू नये म्हणून लोकरीत डांबरगोळ्या टाकतात आणि पुढे त्याच लोकरीचे नातवंडासाठी टोपडे विणले जाते. या गोळ्या पुष्कळदा नॅप्थलीनच्या असतात. काही बाळांच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी हे विकर जन्मतःच कमी असते. मुलग्यांत हे अधिक आढळते आणि एरवी त्याचा घरात कुणाला पत्ताही नसतो. अशा बाळाच्या अंगात नॅप्थलीनची वाफ गेली की तांबड्या पेशी फुटू लागतात. बाळ फिकट पडते, लघवी गडद होते, कावीळ चढते आणि नवजात अर्भकात ती मेंदूपर्यंत पोहोचू शकते. नॅप्थलीन तेलात विरघळते. आपल्याकडे बाळाला तेल चोळून लगेच टोपडे-झबले घालतात, तेव्हा ते त्वचेतूनही अधिक शोषले जाते. अशी लक्षणे दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि डांबरगोळ्यांचा उल्लेख आवर्जून करावा.

कसर लोकर खाते ती अळीच्या अवस्थेत, आणि घामाचे व अन्नाचे डाग तिला विशेष प्रिय असतात. म्हणून लोकर धुऊन, पूर्ण वाळवून, हवाबंद पिशवीत ठेवावी व अधूनमधून उन्हात झटकावी. कडुनिंबाचा पाला ठेवण्यास माझी हरकत नाही, भिस्त मात्र धुण्यावर असावी. डांबरगोळ्यांत राहिलेल्या लोकरीचे मोठ्यांसाठी काहीही विणावे, पण तेही धुऊन व हवेवर ठेवून मगच वापरावे आणि बाळाच्या खोलीबाहेर ठेवावे. बाळासाठी नवी लडी आणावी. ती घरी रंगवलेली असल्यास ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावी. फडक्याला रंग लागला, तर ती लडी पेटीत परत जाते.