तंत्रिका गोलक

तंत्रिका गोलक : मेंदूतील मूल कोशिका (मूलपेशी) शरीराबाहेर योग्य द्रव माध्यमात वाढविल्या असता त्यांच्या पुनःपुन्हा होणाऱ्या विभाजनाने तयार होणारे व माध्यमात तरंगत राहणारे कोशिकांचे गोल पुंजके. स्वतःसारख्या नवीन कोशिका निर्माण करण्याची, तसेच तंत्रिका कोशिका (मज्जापेशी) व त्यांना आधार देणाऱ्या कोशिका यांत रूपांतरित होण्याची क्षमता ज्यांत असते, त्यांना तंत्रिका मूल कोशिका म्हणतात. केवळ रूपावरून त्या खात्रीने ओळखता येत नाहीत. त्यांची ओळख वर्तनावरून पटवावी लागते. ही परीक्षा घेण्याचे साधन म्हणून गोलकांना महत्त्व आले आहे.

इतिहास : प्रौढ सस्तन प्राण्यांच्या मेंदूत नवीन तंत्रिका कोशिका निर्माण होत नाहीत, असा समज दीर्घकाळ रूढ होता. जोसेफ ऑल्टमन यांनी १९६२ पासून याविरुद्ध पुरावा मांडला. तथापि तो बराच काळ दुर्लक्षित राहिला. १९९२ मध्ये कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे ब्रेंट रेनल्ड्स व सॅम्युएल वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूच्या स्ट्रायटम या भागातील कोशिका अलग करून त्या ईजीएफ या वृद्धिकारक प्रथिनाच्या सान्निध्यात वाढविल्या. बहुतेक कोशिका नष्ट झाल्या. परंतु थोड्या विभाजित होत राहून त्यांचे गोलक बनले व त्यांपासून पुढे तंत्रिका कोशिका आणि तारका कोशिका मिळाल्या. प्रौढ मेंदूतही विभाजनक्षम कोशिका शिल्लक असतात, हे यावरून दिसून आले.

संवर्धन पद्धती : प्रौढ उंदराच्या बाबतीत मेंदूतील पार्श्व विवरांच्या भिंतीलगतचा किंवा स्मरणाशी संबंधित अशा हिप्पोकॅम्पसचा भाग काढून घेतात. तो बारीक चिरून, एंझाइमाची क्रिया करून व पिपेटमधून हलकेच वरखाली करून कोशिका सुट्या करतात. माध्यमात रक्तरस घालत नाहीत, कारण त्यामुळे कोशिका तळाला चिकटून रूपांतरित होऊ लागतात. त्याऐवजी इन्शुलीन, ट्रान्सफेरीन, प्रोजेस्टेरॉन, पुट्रेसीन व सिलिनियम ही पोषक द्रव्ये, तसेच ईजीएफ व एफजीएफ–२ हे वृद्धिकारक दर मिलिलिटरला साधारणपणे १० ते २० नॅनोग्रॅम या प्रमाणात वापरतात. बश्या ३७° से. तापमानाच्या व ५ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड असलेल्या उबवणी पेटीत ठेवतात.

सुमारे एका आठवड्यात गोलक १०० ते २०० मायक्रोमीटर व्यासाचे होतात. ते याहून फार मोठे होऊ दिल्यास मध्यभागी ऑक्सिजन व पोषक द्रव्ये पोहोचत नाहीत, तेथील कोशिका मरतात व गोलक आतून काळसर दिसू लागतो. म्हणून वेळीच गोलक फोडून कोशिका नव्या माध्यमात पेरतात. त्यांपासून पुन्हा गोलक बनले, तर आत्मनवीकरणाचा पुरावा मिळतो. वृद्धिकारक काढून घेऊन कोशिका लेपन केलेल्या पृष्ठावर ठेवल्या असता त्या तळाला चिकटून रूपांतरित होतात. अनुस्फुरक रंगद्रव्य जोडलेल्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने त्यांचे प्रकार ओळखता येतात.

मुंबईतील संशोधन : नॉरॲड्रेनॅलीन या द्रव्याच्या अभ्यासातून गोलकांचा उपयोग चांगला स्पष्ट होतो. मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये असे दाखविले की, प्रौढ उंदरांच्या मेंदूतील नॉरॲड्रेनॅलीन घटविल्यास हिप्पोकॅम्पसमधील पूर्वगामी कोशिकांचे विभाजन कमी होते. त्यांच्या जगण्यावर व रूपांतरावर मात्र परिणाम होत नाही. तथापि हे द्रव्य त्या कोशिकांवर प्रत्यक्ष कार्य करते की इतर कोशिकांच्या द्वारे, हे जिवंत प्राण्यात ठरविणे कठीण होते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातील धनिषा झवेरी, पेरी बार्टलेट इत्यादींनी वैद्य यांच्या सहकार्याने २०१० मध्ये हा प्रश्न गोलकांच्या साहाय्याने तपासला. नॉरॲड्रेनॅलीन हिप्पोकॅम्पसमधील मूल कोशिकांना प्रत्यक्ष उद्दीपित करते व हे कार्य बीटा–३ या ग्राहीमार्फत होते, असे आढळले. मेंदूच्या कापांवरील प्रयोगांत नॉरॲड्रेनॅलिनाचे पुनर्ग्रहण रोखणाऱ्या अवसादरोधी औषधांनी पूर्वगामी कोशिकांची क्रियाशीलता वाढली. केवळ सिरोटोनिनाचे पुनर्ग्रहण रोखणाऱ्या औषधांनी ती वाढली नाही.

इतर उपयोग : मेंदूतील काही अर्बुदांच्या कोशिकाही अशाच माध्यमात गोलक बनवितात, त्यामुळे अर्बुद पुन्हा का उद्‌भवते याचा अभ्यास करता येतो. २०१६ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी मानवी मूल कोशिकांपासून बनविलेल्या गोलकांवर प्रयोग करून झिका व्हायरस त्यांची वाढ खुंटवितो, असे दाखविले. गर्भावस्थेत या व्हायरसाच्या संसर्गाने अर्भकाचे डोके लहान का राहते, हे समजण्यास त्यामुळे मदत झाली. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील बेलसर येथे आढळला.

मर्यादा : गोलक म्हणजे मूल कोशिका नव्हे. एका गोलकात मूल कोशिका थोड्या असून बाकीच्या रूपांतराच्या निरनिराळ्या अवस्थांत असतात. अल्पकाळ विभाजित होणाऱ्या पूर्वगामी कोशिकाही गोलक बनवितात. म्हणून गोलकांची संख्या तीच मूल कोशिकांची संख्या मानल्यास अंदाज फुगतो. शिवाय तरंगणारे गोलक एकमेकांत मिसळतात. त्यामुळे गोलक एकाच कोशिकेपासून निघाला हे सिद्ध करण्यासाठी प्रत्येक खळग्यात एकच कोशिका ठेवावी लागते आणि अनेक पिढ्यांपर्यंत गोलक बनतात की नाही, हे पाहावे लागते. वृद्धिकारकांच्या मोठ्या मात्रेत कोशिका मेंदूत असताना न दाखविणारे गुणही दाखवू शकतात. बशीत दिसते ती कोशिकेची संभाव्य क्षमता होय. मेंदूतील तिचे नित्य कार्य नव्हे.

हा भेद रुग्णांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. बशीत तंत्रिका कोशिका तयार झाल्या, एवढ्यावरून त्या रोग्याच्या मेंदूत योग्य जागी जोडल्या जातील असे ठरत नाही. त्यांची अनियंत्रित वाढ होण्याचा धोकाही तपासावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांसारख्या मान्य कारणांसाठी केले जाणारे रक्तोत्पादक मूल कोशिकांचे रोपण वगळता, मूल कोशिकांचा रुग्णांवरील वापर केवळ मान्यताप्राप्त चिकित्सालयीन चाचणीतच करता येतो.