रेडिएटरमधून गुडगुड आवाज येतोय? एअर सेपरेटर घेण्याआधी हे समजून घ्या

लंडन, म्युनिकसारख्या शहरांत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना थंडीच्या सुरुवातीला हा अनुभव येतो. हीटिंग सुरू केलं की पाइपमधून गुडगुड ऐकू येते. रेडिएटर खालून गरम, वर मात्र थंडगार. हीटिंग बंद करून छोट्या किल्लीने रेडिएटरचा व्हॉल्व्ह सैल केला, की 'फुस्स' करून हवा निघते. पण महिन्याभरात पुन्हा तेच झालं, तर प्लंबर एअर सेपरेटर बसवायला सांगतो. तो नेमकं काय करतो आणि निवडायचा कसा?

बंद पाइपात हवा येते कुठून?

पाण्यातूनच. नळाच्या पाण्यात हवा विरघळलेली असते. पाणी तापलं किंवा दाब कमी झाला, की ती बाहेर पडते. चहाचं आधण ठेवल्यावर उकळी फुटण्याआधी पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसतात, ती हीच हवा. दाब आणि विरघळणारा वायू यांचं नातं इंग्लंडच्या विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलं.

त्रास फक्त आवाजाचा नाही. हवेतला ऑक्सिजन आतलं लोखंड गंजवतो. त्यातून तयार होणारा काळा गाळ पंप आणि बॉयलरच्या हीट एक्स्चेंजरमध्ये साचतो आणि हे भाग बदलणं महागात पडतं.

कोणता प्रकार घ्यायचा?

• एअर स्कूप: जुना, स्वस्त प्रकार. मोठे बुडबुडे पकडतो, बारीक निसटतात. त्याच्याआधी काही अंतर सरळ पाइप लागतो.

• मायक्रोबबल सेपरेटर: आतल्या जाळीवर बारीक बुडबुडे चिकटतात, एकत्र येऊन मोठे होतात आणि वरच्या व्हेंटमधून बाहेर जातात. घरासाठी बहुतेक वेळा हाच योग्य.

• वॅक्यूम डीगॅसर: उंच इमारतीत तळमजल्यावर दाब इतका असतो, की बुडबुडे तयारच होत नाहीत. तिथे दाब मुद्दाम कमी करून हवा काढणारं हे यंत्र लागतं.

साइज कशी ठरवायची?

इथे सगळ्यात जास्त चूक होते. पाइपचा व्यास बघून सेपरेटर घेतला जातो. खरं तर बघायला हवा तो पाण्याचा वेग. घरगुती सेपरेटरसाठी तो साधारण सेकंदाला १.२ ते १.५ मीटरच्या आत असावा. नेमकी मर्यादा उत्पादनाच्या माहितीपत्रकात दिलेली असते.

हिशोब सोपा आहे. किलोवॅटला जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्याच्या तापमानातल्या फरकाने भागा आणि १४.३ ने गुणा. मिनिटाला किती लिटर पाणी वाहतं, ते कळेल.

२० किलोवॅटचा बॉयलर, फरक २० अंश: मिनिटाला सुमारे १४ लिटर. ब्रिटनमधल्या नेहमीच्या २२ मिमी तांब्याच्या पाइपात वेग साधारण ०.७६ मीटर. अडचण नाही.

आता बॉयलर काढून १० किलोवॅटचा हीट पंप बसवला. फरक फक्त ५ अंश, म्हणून प्रवाह मिनिटाला जवळपास २९ लिटर. त्याच पाइपात वेग दीड मीटरवर जातो. म्हणजे यंत्राची क्षमता निम्मी, पण प्रवाह दुप्पट! अशा वेळी २८ मिमीचा पाइप आणि सेपरेटर लागतो.

बसवायचा कुठे?

जिथे पाणी सगळ्यात गरम आणि दाब सगळ्यात कमी, तिथे. पंप वेगळा असेल तर क्रम असा: बॉयलर, मग सेपरेटर, मग पंप. एक्स्पान्शन टँकची जोडणी सेपरेटरजवळ हवी. कॉम्बी बॉयलरमध्ये पंप आणि टँक आतच असतात, त्यामुळे सेपरेटर बॉयलरमधून निघणाऱ्या गरम पाइपवर, शक्य तितका जवळ बसवतात. वरचा व्हेंट कधीतरी गळू शकतो, म्हणून तो भिंतीआड गाडू नका. ब्रिटनमध्ये गॅस बॉयलर उघडण्याचं काम 'गॅस सेफ' नोंदणी असलेल्या इंजिनिअरकडूनच करून घ्या.

खर्च करण्याआधी हे तपासा

बॉयलरवरचा दाबाचा काटा बघा. सिस्टिम थंड असताना तो साधारण १ ते १.५ बारवर असतो. तो सारखा खाली येत असेल आणि दर काही आठवड्यांनी पाणी भरावं लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा एक्स्पान्शन टँक बिघडलाय. प्रत्येक वेळी भरलेलं नवं पाणी नवा ऑक्सिजन घेऊन येतं. सेपरेटर हवा काढतो, गळती थांबवत नाही. त्यामुळे आधी गळती शोधा, सेपरेटरचं नंतर बघा.