गुडघ्यावरील एक ठोका

विरार लोकलमध्ये उभ्या असलेल्या प्रवाशाला गाडीचा हिसका बसतो, गुडघा किंचित वाकतो आणि मनात विचार येण्यापूर्वीच मांडीची पेशी आकसू लागते. या सावरण्यात ज्या यंत्रणेचा वाटा असतो, तिचीच परीक्षा रबरी हातोडीने होते. वसई-विरार परिसरातील आपल्या चिकित्सालयांत गृध्रसी, कटिशूल व हातापायांच्या मुंग्यांचे रुग्ण नित्य येतात. हातोडी मात्र बहुधा खणातच राहते, असे आमचे निरीक्षण आहे.

शरीराची हालचाल घडविणाऱ्या बहुतेक मांसपेशींत सूतकताईच्या चातीसारखे सूक्ष्म संवेदक असतात. जानुकपालाखालील कंडरेवर ठोका पडताच मांडीची पेशी ताणली जाते व हे संवेदक उद्दीपित होतात. त्यांचा संदेश जलद चेतातंतूंतून कटिभागाच्या मेरुरज्जूत जातो आणि तेथे केवळ एक चेतासंधी ओलांडून प्रेरक चेतापेशीस मिळतो. लगेच पेशी आकुंचन पावते व पाय पुढे उडतो. त्याच वेळी मांडीमागील विरोधी पेशीस शिथिलतेची आज्ञा मिळते. मेंदूच्या अनुमतीची वाट न पाहता पेशीचे आकुंचन सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी वेळात सुरू होते. एर्ब व वेस्टफाल यांनी १८७५ साली या प्रतिक्षिप्त क्रियेचे वर्णन केले. लिडेल व शेरिंग्टन यांनी १९२४ साली तिचे मर्म उलगडले.

मेंदू एरवी या वर्तुळावर अंकुश ठेवतो. म्हणून पक्षाघातात काही काळाने ठोका अतितीव्र होतो. वर्तुळच तुटल्यास तो मंदावतो वा लोपतो. एकाच बाजूचा घोट्याचा ठोका नाहीसा झालेल्या गृध्रसीत त्रिकास्थीच्या पहिल्या चेतामूळावर दाब असण्याचा संशय घ्यावा. ठोका मिळत नसेल, तर रुग्णास दोन्ही हातांची बोटे गुंतवून ओढण्यास सांगावे व पुन्हा पाहावे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे सिंड्रोमचा उद्रेक झाला. काही रुग्णांच्या मलपरीक्षेत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. अतिसारानंतर एक ते तीन आठवड्यांत पायांत मुंग्या येतात, दौर्बल्य वर चढते, ठोके लोपतात आणि श्वसनाच्या पेशीही दुर्बल होऊ शकतात. पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या आपल्या भागाने हा धडा विसरू नये. अशा रुग्णाला केवळ वातव्याधी समजून अभ्यंग-स्वेदनात दिवस घालविणे प्राणघातक ठरू शकते. इम्युनोग्लोब्युलिन वा प्लाझ्मा-विनिमय हे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत अधिक उपयुक्त ठरतात. प्रारंभी काहींचे ठोके टिकून असतात. म्हणून ठोका मिळाला तरी चढत्या दौर्बल्याच्या रुग्णास अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात त्वरित पाठवावे.

औषधालयचालकांनाही आमची विनंती आहे. नुकताच अतिसार होऊन गेलेला ग्राहक "पाय जड पडलेत, जिना चढवत नाही" म्हणत वेदनाशामक तेल मागू लागला, तर बाटली देण्याआधी त्यास वैद्याकडे धाडावे. आणि वैद्याने हातोडी हाती घ्यावी. नाडीपरीक्षेइतकीच तीही सवयीची व्हावी, एवढीच अपेक्षा.