खेळ घडविण्याचें शिक्षण

संगणकावरील खेळ म्हणजे पोरकटपणा, असें मत आपल्या घरांतून अद्यापि ऐकूं येतें. परंतु ते खेळ घडविण्याची विद्या पोरकट नव्हे. गणित, चित्रकला, संगीत व कथारचना यांचा तींत मेळ असतो. म्हणून मुलांनीं ती शिकावी कीं नाहीं, यापेक्षां ती कशी शिकविली जाते, इकडेच वडीलधाऱ्यांनीं लक्ष द्यावें.

पहिली अडचण साधनांची. पुष्कळदां सारा अभ्यासक्रम एकाच कंपनीच्या साधनावर उभारलेला असतो. त्यांतील धोका सप्टेंबर २०२३ मध्यें दिसला. ‘युनिटी’ कंपनीनें असें जाहीर केलें कीं, ठराविक मर्यादेपुढें खेळ कोणाच्याहि यंत्रावर नव्यानें बसविला गेला कीं निर्मात्यानें पैसे भरावे. जगभर ओरड झाली व वर्षानंतर तो आकार रद्द झाला. पण ज्याची सारी विद्या त्याच साधनांत अडकलेली, त्यानें तोंवर काय करावें? उलटपक्षीं, त्रिमितीय चित्रांचें ‘ब्लेंडर’ २००२ मध्यें एक लाख युरोंच्या लोकवर्गणीनें मुक्त झालें, आणि आर्जेंटिनांत जन्मलेलें ‘गोडो’ २०१४ पासून सर्वांस खुलें आहे. दोहोंसहि शुल्क नाहीं. गरीब विद्यार्थ्यास घरीं सराव करतां येतो, तो अशा साधनांमुळेंच.

दुसरी अडचण जागरणांची. खेळ पुरा होत आला कीं आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस राबावयाचें, या धंद्यांतील रूढीस ‘क्रंच’ म्हणतात. २००४ मध्यें अमेरिकेंतील एका कर्मचाऱ्याच्या वाग्दत्त वधूनें निनावी लेख लिहून तिला वाचा फोडली. तीच रूढि वर्गांत शिरली, तर रात्रभर जागूं शकणारा पुढें जातो आणि नोकरी सांभाळून शिकणारा, किंवा घरकामाचा भार वाहणारी मुलगी, बुद्धि असूनहि मागें राहते. यावर उपाय साधा आहे: काम लहान द्यावें, तासांची मर्यादा घालावी, आणि गुण झगमगाटास न देतां विचारास द्यावे.

२०२३ व २०२४ या वर्षांत या धंद्यांतील हजारों माणसें बेकार झालीं. तेव्हां शुल्क भरण्यापूर्वीं पालकांनीं तीन प्रश्न अवश्य विचारावे. साधनें मुक्त आहेत काय? मुलास झोप मिळेल काय? आणि हा धंदा मंदावला, तरी दुसरीकडे उपयोगी पडेल इतका गणिताचा व संगणकशास्त्राचा पाया पक्का होईल काय? उत्तरें समाधानकारक असतील, तर मुलास आनंदानें धाडावें.